लंडनचीं नाटकें आणि सवलतीचीं तिकिटें

लंडन शहरास गेलेला मनुष्य दिवसा काय पाहावें ह्याविषयीं फारसा घोटाळ्यांत पडत नाहीं. ब्रिटिश म्यूझियम, सेंट पॉलचें प्रार्थनामंदिर, थेम्स नदीवरील पूल हीं स्थळें आपल्या जागीं उभीं असतात. आज राहिलीं तर उद्यां पाहतां येतात. नाटकाची गोष्ट निराळी. तें बहुधा संध्याकाळीं साडेसात वाजतां सुरू होतें, दहाच्या सुमारास संपतें, आणि त्या रात्रीचा प्रयोग पुन्हां कोणासहि पाहावयास मिळत नाहीं. त्यांतून प्रवाशाजवळ रात्री मोजक्याच. मुलाकडे किंवा मुलीकडे म्हणून इंग्लंडास गेलेलें आणि त्या निमित्तानें आठवडाभर लंडनमध्यें राहणारें एखादें वयस्क दांपत्य घेतलें, तर त्यास नाटकासाठीं फार तर तीनचार रात्री मिळावयाच्या. ह्या रात्रींत पाहावें काय आणि त्यासाठीं पैसा किती मोडावा, असे दोन प्रश्न त्याच्यापुढें उभे राहतात. वरवर पाहतां ते निरनिराळे दिसतात. परंतु त्यांचें मूळ एकच आहे, आणि तें ध्यानांत आलें म्हणजे दोन्ही प्रश्न पुष्कळसे सोपे होतात.

तें मूळ म्हणजे नाट्यगृहांतील रिकामी खुर्ची. मंडईंत सकाळीं टवटवीत दिसणारी मेथीची जुडी संध्याकाळीं कोमेजते, आणि विकणारी बाई ती येईल त्या दरानें देऊन टाकते. खुर्चीचें आयुष्य मेथीच्या जुडीहूनहि थोडें. पडदा वर जाण्यापूर्वीं पांच मिनिटें तिला कांहीं तरी किंमत असते. पडदा वर गेला कीं ती कवडीमोल होते. नटांचे पगार, वाद्यवृंद, दिवे, इमारतीचें भाडें हा सारा खर्च ती खुर्ची भरली तरी तेवढाच, न भरली तरी तेवढाच. म्हणून शेवटच्या क्षणीं तिच्यापासून जें मिळेल तें व्यवस्थापकास लाभच. मग तो सर्वच तिकिटें स्वस्त कां करीत नाहीं? कारण पुरी किंमत देण्यास तयार असलेला प्रेक्षकहि पुष्कळ असतो, आणि त्याच्याच पैशावर नाटक उभें राहतें. यास्तव व्यवस्थापक असा मार्ग काढतो, कीं ज्यास तिकीट स्वस्त हवें त्यानें पैशाऐवजीं दुसरें कांहीं तरी दिलें पाहिजे. कोणी आपला वेळ देतो आणि रांगेंत उभा राहतो. कोणी निवडीचा हक्क सोडून जें मिळेल तें नाटक पाहतो. कोणी शनिवारची रात्र सोडून मंगळवारची घेतो. कोणी गुडघ्यांना श्रम देऊन सर्वांत वरच्या मजल्यावर चढतो. लंडनमध्यें सवलतीचे जितके म्हणून प्रकार आहेत ते सारे ह्या देवघेवीचेच प्रकार होत. प्रवाशानें 'तिकीट किती स्वस्त?' एवढेंच विचारून थांबूं नये. 'त्याच्या बदल्यांत काय द्यावें लागेल, आणि तें देणें आपणांस परवडेल काय?' असेंहि विचारावें.

ही देवघेव आजकालची नव्हे. अठराव्या शतकांत लंडनमध्यें मुख्य नाटकाचा तिसरा अंक आटोपल्यावर येणाऱ्यास अर्ध्या दरानें आंत सोडण्याची वहिवाट होती. दिवसभर काम करणाऱ्या गृहस्थास ती मोठीच सोय होती. १७६३ सालीं ड्रूरी लेन नाट्यगृहाचा चालक, प्रख्यात नट डेव्हिड गॅरिक, यानें ही वहिवाट आखडती घेऊन पाहिली. तेव्हां प्रेक्षकांनीं बांकें मोडलीं, दिव्यांची नासधूस केली, आणि गॅरिकला माघार घ्यावी लागली. पुढें १८०८ सालीं कॉव्हेंट गार्डन येथील नाट्यगृह जळालें. दुसऱ्या वर्षीं नवी इमारत उघडली तेव्हां खर्चाची भरपाई व्हावी म्हणून जॉन फिलिप केंबल यानें पिटाचा दर साडेतीन शिलिंगांवरून चार शिलिंग केला. वाढ अवघ्या अर्ध्या शिलिंगाची. पण प्रेक्षकांनीं ती सोसली नाहीं. ते रोज येत, रंगभूमीकडे पाठ फिरवीत, घंटा वाजवीत आणि 'जुना दर' असा एकच घोष करीत. हा दंगा थोडाथोडका नव्हे, तर ६७ रात्री चालला. शेवटीं केंबलनें माफी मागितली व पिटाचा जुना दर परत आला. ह्या हकिगती ऐकल्या म्हणजे लंडनमध्यें स्वस्त तिकीट मागण्यांत कोणी कमीपणा कां मानीत नाहीं हें समजतें. साध्या माणसालाहि नाटकगृहांत जागा असली पाहिजे, ही तेथील जुनी समजूत आहे.

आतां तेथील नाट्यगृहांचे प्रकार पाहूं जातां, एके काळीं संवादाचीं नाटकें करण्याचा अधिकार लंडनमध्यें मुख्यत्वेंकरून ड्रूरी लेन व कॉव्हेंट गार्डन ह्या दोन गृहांपुरताच राखून ठेवलेला होता. ही मक्तेदारी १८४३ सालच्या कायद्यानें मोडली. सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें तेंच हें साल. त्यानंतर नवीं नाट्यगृहें उभीं राहत गेलीं, आणि आज 'वेस्ट एंड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागांत सुमारे ४० नाट्यगृहें आहेत. तेथें मोठ्या खर्चाचीं संगीत नाटकें वर्षानुवर्षें चालतात. 'ले मिझेराब्ल' १९८५ पासून, 'द फँटम ऑफ दि ऑपेरा' १९८६ पासून आणि 'द लायन किंग' १९९९ पासून लंडनमध्यें सुरू आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांचें 'द माउसट्रॅप' हें रहस्यनाटक तर १९५२ सालीं लागलें, आणि २०२० ते २०२१ ह्या काळांतील महामारीचा खंड सोडला तर अद्याप चालूच आहे. ही झाली व्यापारी रंगभूमि.

दुसरा प्रकार सार्वजनिक निधीचें साहाय्य घेणाऱ्या संस्थांचा. त्यांत 'नॅशनल थिएटर' अग्रगण्य. सर लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नेतृत्वाखालीं ही संस्था १९६३ सालीं 'ओल्ड व्हिक' नाट्यगृहांत सुरू झाली. थेम्सच्या दक्षिण तीरावरील तिची स्वतःची वास्तु १९७६ सालीं उघडली, आणि त्या एकाच छपराखालीं तीन रंगमंदिरें आहेत. नव्या नाटककारांना रंगभूमि मिळवून देणारें 'रॉयल कोर्ट' हें ह्याच परंपरेंतलें. तिसरा प्रकार लहान नाट्यगृहांचा. 'डॉनमार वेअरहाउस'मध्यें जेमतेम २५० आसनें आहेत. तेथें बसलेल्या प्रेक्षकास नटाच्या पापणीची हालचालहि दिसते.

ह्यांतून निवड कशी करावी? पहिली कसोटी अशी, कीं जें अन्यत्र किंवा अन्य वेळीं पाहावयास मिळणार नाहीं त्यास पहिला मान द्यावा. जें नाटक वीस वर्षें चाललें आहे तें पुढील खेपेसहि बहुधा चाललेलें असेल. शिवाय अशा प्रकारचीं संगीत नाटकें आतां मुंबईसहि येऊं लागलीं आहेत. २०२३ सालीं 'द साउंड ऑफ म्यूझिक' मुंबईंत येऊन गेलें. परंतु एखादा थोर नट दहाबारा आठवड्यांपुरताच रंगभूमीवर उभा राहणार असेल, तर ती संधि पुन्हां येत नाहीं. दुसरी कसोटी भाषेची. इंग्रजी वाचण्याची उत्तम संवय असलेल्या माणसासहि रंगभूमीवरील भरधाव इंग्रजी, त्यांतून लंडनच्या किंवा स्कॉटलंडच्या वळणाचें, पहिली पंधरा मिनिटें जड जातें. ज्यास हा त्रास होईल असें वाटतें त्यानें संगीत नाटक निवडावें, किंवा मूळ नाटक आधीं वाचून जावें. कांहीं ठराविक प्रयोगांना रंगमंचाशेजारच्या फलकावर संवाद अक्षरांत उमटत जातात. ते मुख्यतः कमी ऐकूं येणाऱ्यांसाठीं असले, तरी परक्या उच्चारांशीं झगडणाऱ्यासहि त्यांचा फार उपयोग होतो. त्यांच्या तारखा नाट्यगृहें आधीं जाहीर करतात. तिसरी कसोटी अभिप्रायांची. जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत छापलेलें 'अप्रतिम' हें एकच पद कोणत्या वाक्यांतून उचललें आहे हें जाहिरात सांगत नाहीं. म्हणून दोन निरनिराळ्या वृत्तपत्रांतील परीक्षणें पुरीं वाचावीं, आणि त्यांवरील तारीखहि पाहावी. चार वर्षांपूर्वींच्या परीक्षणांतील नट आज त्या नाटकांत नसण्याचाच संभव अधिक.

नाटक ठरलें म्हणजे तिकिटाचा विचार. सवलतीच्या मार्गांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे लेस्टर स्क्वेअर ह्या चौकांतील 'टी-के-टी-एस' नांवाची तिकिटखिडकी. तिची कल्पना अमेरिकेंतील. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांत नाट्यविकासासाठीं स्थापन झालेल्या एका संस्थेनें १९७३ सालीं अशी खिडकी उघडली. तिच्या धर्तीवर लंडनच्या नाट्यगृहचालकांच्या मंडळानें १९८० सालीं लेस्टर स्क्वेअरची खिडकी सुरू केली. ज्या नाट्यगृहांत जागा शिल्लक राहण्याचा रंग दिसतो तीं नाट्यगृहें आपलीं कांहीं तिकिटें ह्या खिडकीकडे सोंपवितात, आणि तीं मूळ किंमतीच्या निम्म्यापर्यंत उतरलेल्या दरानें विकलीं जातात. बहुतेक तिकिटें त्याच दिवसाचीं, कांहीं पुढील दिवसांचींहि असतात. आज काय उपलब्ध आहे ह्याची यादी फलकावर व संकेतस्थळावर दिसते. येथें ग्राहक निवडीचा हक्क देतो व पैसा वांचवितो. जें नाटक रोज भरतें तें येथें सहसा येत नाहीं, हें मात्र विसरूं नये. त्यासाठीं रांगेंत उभें राहणें म्हणजे दिवस फुकट घालविणें होय.

दुसरा मार्ग त्या दिवशींच्या तिकिटांचा. कांहीं नाट्यगृहें ठराविक आसनें, पुष्कळदां अगदीं पुढल्या ओळींतील, मुद्दाम राखून ठेवतात आणि प्रयोगाच्या दिवशीं सकाळीं कमी दरानें विकतात. पूर्वीं त्यासाठीं पहाटेपासून दारांत रांग लागे. आतां पुष्कळ ठिकाणीं ही विक्री फोनवरूनच होते, आणि ठरलेल्या वेळीं बोट चालविण्याची चपळाई लागते. कांहीं गृहें चिठ्ठ्या टाकून नांवें काढतात. नॅशनल थिएटर शुक्रवारीं दुपारीं पुढील आठवड्याच्या प्रयोगांचीं कांहीं तिकिटें अल्प दरानें खुलीं करतें. ह्याच संस्थेनें २००३ सालीं निकोलस हायटनर यांच्या कारकीर्दीच्या आरंभीं मोठ्या रंगमंदिरांतील बहुसंख्य आसनें अवघ्या १० पौंडांस देण्याचा प्रयोग केला होता, आणि त्यास प्रेक्षकांचा उत्तम प्रतिसाद मिळाला.

तिसरा मार्ग परत आलेल्या तिकिटांचा. नाटक कितीहि भरलेलें असो, कोणी आजारी पडतो, कोणाची गाडी चुकते, आणि त्यांचीं तिकिटें तिकिटघरांत परत येतात. प्रयोगापूर्वीं तासदीडतास तेथें नम्रपणें चौकशी करणाऱ्यास तीं कधीं कधीं मिळतात. ह्यांत किंमत उतरतेच असें नाहीं. पण 'सर्व जागा भरल्या' ही पाटी वाचून परतणाऱ्यापेक्षां थांबणारा पुष्कळदां फायद्यांत राहतो. एकट्या माणसास हें अधिक साधतें, आणि वेगवेगळ्या ओळींत बसण्यास तयार असलेल्या दांपत्यासहि. चौथा मार्ग नव्या नाटकाच्या पहिल्या दिवसांचा. परीक्षकांना बोलाविण्यापूर्वीं कांहीं प्रयोग सामान्य प्रेक्षकांसमोर करून पाहतात. त्यांचे दर पुष्कळदां कमी असतात. नाटक पुरतें बसलेलें नसण्याचा संभव असतो, हीच येथील देवघेव. याशिवाय आठवड्याच्या मधल्या रात्री शनिवारपेक्षां स्वस्त असतात, आणि नाताळची गर्दी ओसरल्यावर जानेवारी व फेब्रुवारी ह्या महिन्यांत सवलती अधिक निघतात. ऑगस्टांत पुष्कळ नाट्यगृहें, पुऱ्या दराचें तिकीट घेणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर एका मुलास विनामूल्य प्रवेश देतात. नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांनीं ही सोय ध्यानांत ठेवावी.

ह्या सर्वांहून निराळी जागा म्हणजे थेम्सच्या दक्षिण तीरावरील 'शेक्सपिअर्स ग्लोब'. शेक्सपिअरच्या काळचें मूळ ग्लोब १५९९ सालीं उभारलें गेलें आणि १६१३ सालीं प्रयोगांतील तोफेच्या ठिणगीनें जळालें. सॅम वॉनामेकर ह्या अमेरिकन नटानें आयुष्याचा मोठा भाग वेंचून त्याची प्रतिकृति उभी करविली. ती १९९७ सालीं उघडली, पण तें पाहावयास तो राहिला नव्हता. मधलें अंगण उघडें आहे, आणि तेथें सुमारे ७०० प्रेक्षक उभे राहून नाटक पाहतात. शेक्सपिअरच्या काळीं ह्या उभ्या जागेस एक पेनी पडे. १९९७ नंतर दोन दशकांहून अधिक काळ ५ पौंड पडत असत, आणि आजहि लंडनमधील स्वस्त जागांत तिची गणना होते. रंगमंच मात्र हाताच्या अंतरावर. येथील देवघेव पायांची व पावसाची आहे. प्रयोग चालू असतां अंगणांत खालीं बसूं देत नाहींत, छत्री उघडूं देत नाहींत, आणि पावसासाठीं नाटक थांबत नाहीं. अंगावर रेनकोट घेऊन उभें राहावें लागतें. ज्याचे पाय तीन तास साथ देतील त्यानें हा लाभ अवश्य घ्यावा. ज्याचे देणार नाहींत त्यानें भोंवतालच्या छपराखालील बांकावरचें तिकीट काढावें; तें महाग असलें तरी योग्यच आहे.

आसनांविषयीं चार शब्द अगत्याचे आहेत, कारण स्वस्त तिकिटाचा पश्चात्ताप बहुधा येथेंच होतो. वेस्ट एंडमधील पुष्कळ नाट्यगृहें १८८० ते १९१६ ह्या काळांत बांधलेलीं आहेत. जमिनीवरच्या भागास 'स्टॉल्स', पहिल्या माडीस 'ड्रेस सर्कल', दुसरीस 'अपर सर्कल' व त्याहून वरच्या भागास 'बाल्कनी' अशीं नांवें आहेत. सर्वांत वरचा भाग छताच्या चित्रांतील देवदेवतांच्या जवळ, म्हणून त्यास थट्टेनें 'देवांची जागा' म्हणतात. तेथें जाण्याचा जिना पुष्कळदां बाजूच्या गल्लींतून वेगळा असतो, तो उभा असतो, आणि कित्येक ठिकाणीं लिफ्ट तेथवर पोंचत नाहीं. जुन्या इमारतींत लोखंडी खांब दृष्टीच्या आड येतात. स्टॉल्सच्या अगदीं मागच्या ओळींत वरच्या माडीची कड डोळ्यांवर येते, आणि रंगमंचाचा वरचा भाग झांकला जातो. ज्या नाटकांत माडीवरचे किंवा उंचावरचे प्रवेश आहेत त्यांत ही उणीव फार भासते. म्हणून 'दृष्टीस अडथळा' असा शेरा तिकिटावर असल्यास अडथळा कशाचा, हें विचारून घ्यावें. खांब एका बाजूस असेल तर थोडी मान कलती करून भागतें. अर्धा रंगमंचच दिसत नसेल तर अर्धी किंमतहि जास्तच. ज्यांना जिने चढवत नाहींत त्यांनीं तिकिटघरास तसें आधीं कळवावें. बुधवारीं किंवा गुरुवारीं व शनिवारीं दुपारीं अडीचच्या सुमारास होणारे प्रयोग वयस्कांना विशेष सोयीचे. उजेडांत घरीं परततां येतें.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. लेस्टर स्क्वेअरच्या आसपास 'अर्धी किंमत' अशा पाट्या लावलेलीं इतरहि दुकानें असतात. तीं सारींच खोटीं नव्हेत. परंतु पैसे देण्यापूर्वीं तिकिटाची मूळ किंमत, आसनाची ओळ व क्रमांक आणि वर आकारलेलें शुल्क ह्या तिन्ही गोष्टी विचाराव्या. अर्धी किंमत म्हणून घेतलेलें तिकीट शुल्क मिळवितां नाट्यगृहाच्या खिडकीवरील साध्या दरास येऊन भिडलें, असें होऊं शकतें. रस्त्यावर हळूच बाजूस बोलावून तिकीट देऊं करणाऱ्यापासून दूर राहावें. संकेतस्थळावरून घेतांना आरंभ नेहमीं त्या नाट्यगृहाच्या स्वतःच्या स्थळापासून करावा, म्हणजे इतरत्र सांगितलेली किंमत खरोखर कमी आहे कीं नाहीं हें ताडून पाहतां येतें. दुसरी गोष्ट वेळेची. उशीरा येणाऱ्यास योग्य खंड मिळेपर्यंत आंत सोडीत नाहींत. तेव्हां अर्धा तास आधीं पोंचावें.

हें सर्व जमेस धरून चार रात्रींची आंखणी करावयाची, तर ती अशी करतां येईल. जें नाटक पाहिल्यावांचून परतल्यास रुखरुख लागेल असें एकच निवडावें, आणि त्याचें तिकीट घरून निघण्यापूर्वींच, पुऱ्या दरानें कां होईना, चांगल्या आसनाचें काढून ठेवावें. एक रात्र किंवा दुपार ग्लोब किंवा नॅशनल थिएटरसाठीं ठेवावी; ग्लोबच्या अंगणांतील प्रयोग मुख्यतः उन्हाळ्याच्या हंगामांत होतात, हें प्रवासाची तारीख ठरवितांना पाहावें. तिसरी रात्र लेस्टर स्क्वेअरच्या खिडकीवर सोडावी, व तेथें जें मिळेल त्यांतून वरील कसोट्या लावून निवड करावी. चौथी रात्र मोकळीच ठेवावी. परक्या शहरांत पाय थकतात, पाऊस लागतो, आणि कधीं कधीं पाहिलेल्या नाटकाविषयीं घरांत बसून बोलण्यासहि एक रात्र हवी असते.

सवलतीनें पैसा वांचतो, रात्र वांचत नाहीं. निम्म्या दरानें घेतलेलें नको असलेलें नाटक हें महागांतलें महाग, कारण त्याच्यासाठीं दिलेली रात्र कोणतेंहि तिकिटघर परत करीत नाहीं. उलट, गॅलरींत दाटीवाटीनें बसून पाहिलेल्या चांगल्या प्रयोगाची किंमत तिकिटावर छापलेली नसते. मराठी प्रेक्षकास हें निराळें सांगावयास नको. ज्यांच्या वाडवडिलांनीं पिटांत बसून रात्र रात्र संगीत नाटकें ऐकलीं, त्यांना स्वस्त जागेवरूनहि उत्तम नाटक दिसतें हें ठाऊक आहे. मात्र कोणतें पाहावयाचें हें आधीं मनाशीं ठरविलेलें असावें, आणि तिकिटाच्या दराचा विचार त्यानंतर करावा.